पळस फुलला की जंगलात कामाला

फेब्रुवारी संपत आला की मला मेसेज येऊ लागतात. "ताई, यंदा आम्हालाही ने ना नागझिऱ्याला. काहीही काम करू." काहीही म्हणजे काय, असं विचारलं की पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच, "म्हणजे... वाघबिघ दिसेल ना?"

दिसेलही. पण तेव्हा तुमच्या हातात खराटा असेल, अंगाला राख लागलेली असेल आणि मोबाइल बॅगेत तळाशी असेल. हे चालणार असेल तर पुढे वाचा.

मी नागपूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. होळीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत जमतील तेवढ्या सुट्ट्या नवेगाव-नागझिऱ्यात स्वयंसेवक म्हणून घालवते. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतलं हे जंगल. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१३ मध्ये नवेगाव, कोका वगैरे शेजारची जंगलं जोडून त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. मी लिहितेय ते तिथल्या अनुभवावरून. मेळघाट, पेंच, ताडोबाकडे थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल. सह्याद्रीतल्या किंवा माळरानावरच्या अभयारण्यात कामाचं स्वरूप बदलतं, तिथल्या माणसांना विचारा.

आधी परवानगी

अभयारण्यात आपलं आपण जाऊन काम सुरू करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत शिरायलाच परवानगी लागते, मग हेतू कितीही चांगला असो. ज्या भागात काम करायचं आहे तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक असतात, त्यांना भेटा. त्या भागात आधीपासून काम करणारी एखादी संस्था असेल तर तिच्यामार्फत जाणं सगळ्यांत सोपं, कारण तिथल्या वनरक्षकांचा तिच्यावर विश्वास बसलेला असतो.

अर्जात 'निसर्गाची आवड आहे' हे वाक्य नको. ते सगळेच लिहितात. कोणत्या तारखांना येऊ शकता, किती चालू शकता, गाडी चालवता येते का, झाडं ओळखता का, दमा-बीपी-शुगर काही आहे का, हे लिहा. आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना त्यावरून ठरवता येतं की तुम्हाला जाळरेषेवर, म्हणजे आग अडवणाऱ्या पट्ट्यांवर, पाठवायचं की पाणवठ्यावर. आणि हे सगळं जानेवारीत उरका. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो. तो एकदा लागला की कार्यालयातल्या कोणालाही तुमचा अर्ज वाचायला वेळ नसतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायचं असेल तर त्याची नोंदणी वेगळी असते. तिच्याकडे खाली येते.

काय घालायचं, काय न्यायचं

सुती, पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे. नायलॉनचं काहीही नको, ठिणगी पडली तर ते कातडीला चिकटतं. घोटा झाकणारे जुने बूट. दुपट्टा किंवा गमछा, कारण त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही: डोक्याला, नाकाला, मानेला, घामाला. पाणी दिवसाला चार लिटर आणि ओआरएसची पाकिटं. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते, त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो. वही आणि पेन्सिल. पेनची शाई घामाने पसरते.

अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावून येऊ नका. आग्यामोहोळ सावरीच्या उंच फांद्यांना लटकलेलं असतं आणि त्या माश्यांना वास आवडत नाहीत, धूर तर मुळीच नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून दाट झुडपाच्या दिशेने सरळ निघायचं.

खाजकुहिलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. तपकिरी, मखमली, हात लावावासा वाटणाऱ्या. लावू नका. वाऱ्याने तिची कुसं उडून मानेवर पडली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, कुसं तिच्याबरोबर निघतात. माझ्या बॅगेत चिकटपट्टीचं रीळ कायम असतं, लोकांना ते स्टेशनरी वाटतं. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गोचीड तपासा, विशेषतः काखेत, कमरेला आणि कानामागे.

जाळरेषा

पहिलं मोठं काम हे. जंगलाचे तुकडे पाडणाऱ्या रुंद पट्ट्या हंगामाआधी गवत कापून, जाळून साफ केलेल्या असतात, म्हणजे एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला ओलांडू नये. कागदावर काम तिथे संपतं. प्रत्यक्षात साग, गराडी, ऐन यांची पानगळ त्यानंतरही चालू राहते. आज झाडलेल्या रेषेवर आठवड्याने पुन्हा घोटाभर पाचोळा. सागाचं एक वाळकं पान पापडासारखं असतं, वाऱ्यावर पेटतं आणि पेटतं असतानाच उडतं. रेषेवर पाचोळा साचला की रेषा असून नसल्यासारखी. म्हणून झाडायचं, परत झाडायचं.

आता बऱ्याच ठिकाणी पाठीवर अडकवायचे ब्लोअर आलेत. ते वनमजूर चालवतात. स्वयंसेवकांच्या वाट्याला ब्लोअरच्या मागे राहिलेलं येतं: दगडांच्या फटीतला पाचोळा, आडव्या पडलेल्या फांद्या, वाळलेलं खोड. पाचोळा रेषेच्या कडेला ढीग करून ठेवू नका, आत जंगलात पसरवून टाका. कडेला ढीग म्हणजे आगीला पायरी. वाळकं खोड एकट्याने उचलायचं नाही, आधी काठीने पलटायचं. खाली विंचू असतो, कधी घोणस.

झाडायला सकाळी सहाला सुरुवात आणि दहाला बंद. अकरानंतर उन्हात काम करून दाखवणाऱ्याला वनरक्षक मनात शिव्या घालतात, कारण त्याला उचलून न्यायचं काम त्यांच्यावर येतं.

आग लागलीच तर? पहिल्या वर्षी तरी तुम्ही आगीच्या तोंडाशी जायचं नाही. ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवणं हे वर्षानुवर्षं करणाऱ्यांचं काम आहे. तुमचं काम पाणी पोहोचवणं, मागच्या गाडीपर्यंत निरोप नेणं, आणि आग विझल्यावर जळालेल्या पट्ट्यावर पहारा देणं. हा पहारा कंटाळवाणा आणि फार महत्त्वाचा. पोकळ खोड आतल्या आत धुमसत राहतं आणि दुपारच्या वाऱ्यात पुन्हा तोंड काढतं. धूर दिसला की उकरायचं, माती टाकायची, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघायची. आणि एक लक्षात ठेवा: वारा फिरला आणि गोंधळ झाला तर पळायची जागा म्हणजे आधीच जळून काळा पडलेला भाग. तिथे पेटायला काही उरलेलं नसतं.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे मोबाइलवर पाठवते, त्यासाठी सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं. उपयोगी आहे. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो. त्यामुळे टेकडीवर बसून चारही बाजूंना नजर ठेवणारा माणूस अजून लागतोच, आणि ती ड्युटी स्वयंसेवकाला आनंदाने दिली जाते.

आगी लागतात कशाने, हे न समजून घेता गावकऱ्यांना नावं ठेवणारे शहरातून फार येतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही आग लावतात. मोहफूल हे त्या घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न आहे. तेव्हा भाषण देण्यापेक्षा अभयारण्याच्या सीमेवरच्या गावात आदल्या संध्याकाळी जाऊन मोहाखालची जमीन त्यांच्याबरोबर झाडा. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात, तीही बांधायला मदत करा. मला विचाराल तर अख्ख्या हंगामातलं सगळ्यांत कामाचं काम हे. मात्र पहाटे मोहाखाली एकट्याने जायचं नाही. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात आणि ते मान खाली घालून खाण्यात इतकं गर्क असतं की तुम्ही जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. दचकलेलं अस्वल सरळ अंगावर येतं.

पाणवठा

चैत्र लागला की नाले आटतात. मग बोड्या (छोटी तळी), तलावांचे कोपरे आणि वन विभागाने बांधलेले बशीसारखे पाणवठे एवढ्यावर सगळं जंगल येतं. काही ठिकाणी सौर पंप आहेत, काही ठिकाणी टँकर.

पाणवठा साफ करायला पोहोचलात की लगेच आत उतरू नका. आमच्याबरोबर असणारे वनमजूर काका दरवेळी तेच सांगतात, "पयले चिखल वाचा, मंग झाडू लावा." काठावरचा ओला पट्टा म्हणजे रात्रीची हजेरी असते आणि तुमच्या बुटाने ती पुसली जाते. आधी एकाने कडेकडेने फिरून बघायचं, वहीत लिहायचं, फोटो काढायचे. फोटोत मापासाठी पेन्सिल ठेवा. जुन्या लोकांना काडेपेटी ठेवायची सवय असते, पण आगीच्या हंगामात काडेपेटी घेऊन जंगलात जाणाऱ्याला मी तरी बरोबर नेणार नाही.

ठसे ओळखायला सुरुवात इथून करा. मांजराच्या कुळातल्यांचे, म्हणजे वाघ, बिबट्या, रानमांजर यांचे, चार बोटं आणि नख नाही, कारण चालताना नखं आत असतात. मागच्या गादीला खालून तीन उंचवटे. रानकुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशात नखं उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा. अस्वलाची पाच बोटं जवळजवळ एका ओळीत आणि नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे. साळिंदर ठशापेक्षा मागे टाकलेल्या काट्यावरून कळतं.

ठसा ताजा की जुना, हे जरा सवयीने येतं. गेल्या वर्षी एका बोडीच्या काठावर चितळांचे ठसे आडवेतिडवे होते आणि त्यातल्या एका खुरावर बिबट्याचा पंजा बरोबर मधोमध पडलेला. खुराच्या कडा ढासळलेल्या, आत सावरीचा कापूस अडकलेला. पंजाच्या कडा मात्र कोरीव, बोटांच्या मधला चिखल उभा, आणि गादीच्या खोलगट जागेत पाणी झिरपायला नुकतीच सुरुवात झालेली. त्या पाण्यावर एक मधमाशी बसून पीत होती. चितळं संध्याकाळची, बिबट्या आत्ताचा. आम्ही आवाज न करता गाडीत जाऊन बसलो आणि साफसफाई दुपारवर टाकली. असा निर्णय वनरक्षक घेतात. तुम्ही फक्त दाखवायचं.

साफ करताना साबण, ब्लीचिंग पावडर, कसलंही रसायन नाही. शेवाळ खराट्याने आणि नारळाच्या काथ्याने घासायचं, गाळ बादलीने काढून लांब टाकायचा. गाळात बेडकाची पिल्लं, चतुराच्या अळ्या निघतात. त्या पाण्याच्या बादलीत वेगळ्या ठेवून परत सोडायच्या. टाकीला उभ्या कडा असतील तर आतून दगडांचा उतार रचा किंवा जाड फांदी तिरकी टाका. नाहीतर खारी, सरडे, घुबडाची पिल्लं पडतात आणि बाहेर येता येत नाही. बशीच्या एका कडेला चार चपटे दगड अर्धे पाण्यात ठेवा, छोटे पक्षी आणि माश्या त्यावर बसून पितात.

पाण्यात मेलेले मासे किंवा पक्षी, पांढरे दाणे, नको तो फेस, खताची रिकामी पिशवी असं काही दिसलं तर तिथेच थांबा. पाण्याला हात लावायचा नाही, पिशवी उचलायची नाही. शिकारीसाठी पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक टाकण्याचे प्रकार होतात. वनरक्षकांना बोलवा, ते आसपास नसतील तर वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे. तेच पायवाटेवर तारेचा फास दिसला तर. तो काढून खिशात घालू नका, आधी जागेचा फोटो.

सांबराची गळलेली शिंगं या दिवसांत सापडतात. घरी भिंतीवर छान दिसतील असं वाटेल. वन्यप्राण्याचा कोणताही अवयव सरकारची मालमत्ता असतो, गळून पडलेलं शिंगसुद्धा. नोंद करा आणि वनरक्षकांच्या हवाली करा.

दिवसा बघायचं ते पळसाखाली

कामाच्या मधल्या सुट्टीत सगळे सावलीत झोपतात. तुम्ही फुललेला एक पळस किंवा काटेसावर निवडा आणि वीस-पंचवीस पावलांवर टेका. पानं नाहीत, म्हणजे लपायला जागा नाही, आणि मध भरपूर. शिंजीर, हळद्या, कोतवाल, चष्मेवाला, पोपट, खारी असे सगळे पाळीपाळीने येतात. नावातच पळस मिरवणारी पळसमैना थव्याने येते, गुलाबी अंग आणि काळं डोकं. ती एप्रिलमध्ये उत्तरेकडे परत निघते, म्हणून तिचा शेवटचा थवा कधी दिसला याची तारीख जरूर लिहा. वर वानरं फुलं अर्धवट खाऊन टाकतात, खाली चितळं ती वेचतात. चितळांच्या नरांचा माजाचा काळ हाच, त्यांची घोगरी आरोळी नवख्याला बिबट्याची वाटते.

तांबट ठोक्यासारखा दिवसभर वाजतच असतो. पावशा चैत्र-वैशाखात चढत्या सुरात सुरू होतो आणि दुपारीसुद्धा थांबत नाही. वड-उंबर पिकले असतील तर हरियाल बघा, आपला राज्यपक्षी, पानांत इतका मिसळलेला की तो उडाल्यावर कळतं झाड भरलेलं होतं. नवरंगासाठी मात्र मेच्या शेवटापर्यंत थांबावं लागतं.

घरट्याचे फोटो नकोत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवणं तर मुळीच नको, विणीच्या हंगामात तो घरटं सोडून भांडायला येतो आणि मागे अंडी उन्हात राहतात. कोणी 'जरासंच' म्हणून वाजवत असेल तर त्याला सांगा. वाईटपणा येतो, येऊ द्या.

मचाणावरची रात्र

बुद्धपौर्णिमेला रात्रभर चांदणं असतं आणि पाणी सगळ्यांत कमी, म्हणून पाणवठ्यावर बसून मोजणी करायची जुनी पद्धत. वाघांची अधिकृत गणना आता अशी होत नाही. २००६ पासून देशभरात दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि पायी फिरून घेतलेल्या खाणाखुणांच्या नोंदी यांवर ती होते. म्हणून वन विभाग या रात्रीला निसर्गानुभव म्हणतो. पण फॉर्म असतो, आणि दरवर्षी त्याच पाणवठ्यावरच्या नोंदी नीट भरलेल्या असतील तर त्यांचा उपयोग होतो. तिथीचा परिणाम तेवढा लक्षात ठेवायचा: २०२५ मध्ये ही पौर्णिमा १२ मे रोजी होती, २०२६ मध्ये १ मे रोजी. अकरा दिवस आधी म्हणजे एखाद्या नाल्यात अजून डबकं शिल्लक, आणि तुमच्या पाणवठ्यावर गर्दी कमी. प्राणी कमी झाले असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

दुपारी गाडी सोडते, सकाळी न्यायला येते. मधल्या वेळात काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही. आता बायकांसाठी स्पष्टच सांगते, कारण हे कोणी सांगत नाही: रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा डबा आणि एक मोठा दुपट्टा बरोबर न्या. लघवी नको म्हणून पाणीच प्यायचं नाही, हे मेच्या उन्हात धोक्याचं आहे. डब्यात कुरकुरणारं खायला नको, चिवडा तर नकोच. पोळीभाजी किंवा दशम्या. प्लॅस्टिकची पिशवी घरीच काढून टाका, तिचा आवाज रात्री पार पलीकडच्या काठापर्यंत जातो.

चांदण्यात रंग दिसत नाहीत. त्यामुळे आकार आणि चाल यावर ओळखायचं. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरट, अंग अंधारात विरतं आणि चार मोजे चालत येतात. अस्वल म्हणजे काळा ढीग, डोकं खाली, डोलत. रानडुक्कर तुरुतुरु. तरस खांद्यात उंच आणि मागे उतरतं. नीलगायही मागे उतरती, पण ती घोड्याएवढी. चौसिंगा एकटा किंवा जोडीने येतो, झटकन पाणी पितो आणि जातो, त्याला रोज पाणी लागतं, म्हणून धीर धरला तर तो दिसतोच. सांबर काठावर येण्याआधी झाडीत खूप वेळ उभं राहतं, त्याचा पाय आपटल्याचा आवाज येतो. रातवा पाणवठ्याच्या मोकळ्या जमिनीवर बसतो, टॉर्च मारू नका, त्याची चकचक तशीही ऐकू येईल.

आता फॉर्म. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं, एकूण, कुठून आला, कुठे गेला. लॅबमध्ये लेबल नसलेली नळी आम्ही तपासत नाही, फेकतो. वेळ आणि दिशा नसलेली नोंद माझ्या लेखी तशीच. आठ वाजता पूर्वेकडून आलेली पाच चितळं आणि साडेआठला पूर्वेकडूनच आलेली पाच चितळं एकच आहेत की दोन कळप, हे दिशेवरूनच कळतं. पहिली कुठे गेली ते लिहिलेलं नसेल तर सकाळी बेरीज करताना दहा होतात. एखाद्या नराचं शिंग तुटलंय, कान फाटलाय, मादी लंगडते, असं काही दिसलं की शेरा लिहा.

ओळखता आलं नाही तर 'ओळख पटली नाही' लिहा. शेजारच्या मचाणावर बिबट्या दिसला म्हणून आपल्याही फॉर्मवर तो उमटतो, असं घडतं. ऐकलेलं दिसलेल्यात मिसळू नका. सांबराचा 'ढांक', वानराचा खकार हे वेगळ्या रकान्यात, वेळेसकट. सांबर सहसा उगीच कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, देत नाही, चितळ मात्र कशालाही देतं. दोघं असाल तर पाळी लावून झोपा आणि कोणाच्या पाळीत काय दिसलं तेही लिहा. आणि रात्री अकरा ते तीन काहीच आलं नाही, तर तेही लिहायचं. 'निरंक' हा शब्द सरकारी असला तरी माहिती देतो.

परत आल्यावर

फॉर्म द्यायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि वही त्याच रात्री नीट उतरवा, दुसऱ्या दिवशी 'पूर्वेकडचं झाड' कोणतं ते आठवत नाही. पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर, बाकी प्राणी-वनस्पती आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर करतं, पण व्हॉट्सअॅपचा ग्रुप करत नाही. वाघिणीची पिल्लं, घरटं, अस्वलाची गुहा यांचं ठिकाण कोणालाही पाठवायचं नाही, स्टेटसलाही नाही. आदल्या दिवशीच्या फोटोमागे दुसऱ्या दिवशी दहा गाड्या लागतात.

एकाच झाडाकडे दर आठवड्याला बघून पालवी, कळी, फूल, फळ नोंदवायची आवड लागली तर सीझनवॉच हा उपक्रम आहे. त्यासाठी जंगलही लागत नाही.

निघताना वनरक्षकांना पावसाळ्यातल्या कामाचं विचारून ठेवा. तेव्हा जमीन ओली असते, गवताळ कुरणांतला तरोटा आणि रानतुळस मुळासकट उपटता येते, फुलं यायच्या आत. घाणेरीची झुडपं तेव्हाच काढतात: नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते, म्हणून मातीखाली मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर. चिखल असतो, जळवा-डास असतात, पर्यटन बंद असतं आणि प्राणी फारसे दिसत नाहीत. उन्हाळ्यात मचाणासाठी रांग लावणाऱ्यांपैकी त्या कामाला फार थोडे येतात, म्हणून तिथे अर्ज उशिरा दिला तरी चालतो.